आधी कमान की आधी विजय?

आमच्या परभणीत कमान उभी करायला एक रात्र पुरते. संध्याकाळी वसमत रोडवर लोखंडी पाईपचा ढीग दिसतो, सकाळी तिथंच भलीमोठी स्वागत कमान! वर साहेबांचा फोटो, खांबांवर कार्यकर्त्यांचे पासपोर्ट साईज चेहरे. साहेब एसी गाडीत मोबाईल बघत खालून निघून जातात. दोन दिवसांनी पाईप परत मंडपवाल्याकडे.

हसू नका मंडळी, या बाबतीत आपण थेट नेपोलियनच्या लायनीत आहोत. १८०५ ची ऑस्टरलिट्झची लढाई जिंकल्यावर त्यानं १८०६ मध्ये पॅरिसला दगडी विजयकमान बांधायला घेतली. १८१० मध्ये नवी राणी मारी लुईझ शहरात येणार, आणि काम जेमतेम पायाच्या वर. मग काय, लाकूड आणि कापडाची पूर्ण आकाराची कमान उभी केली. आपल्या भाषेत क्लायंट डेमो! खरी कमान पूर्ण झाली १८३६ मध्ये, तेव्हा नेपोलियनला जाऊन पंधरा वर्षं झाली होती. तो तिच्याखालून गेला १८४० मध्ये... शवपेटीतून.

आपलं गेटवे ऑफ इंडिया तर याहून भारी. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान. त्यांना मात्र बघायला मिळाला पुठ्ठ्याचा नमुना. पायाभरणी १९१३ ला, जॉर्ज विटेटचा आराखडा मंजूर १९१४ ला. (हो, आधी पायाभरणी, मग डिझाईन. आमच्या प्रोजेक्टना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) उद्घाटन ४ डिसेंबर १९२४. पाहुणे येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी. आणि पंचम जॉर्ज पुन्हा भारतात आलाच नाही. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, याच कमानीतून बाहेर पडली आणि बोटीत बसली. 'या या' म्हणायला बांधलेलं दार 'निघा आता' म्हणायला कामाला आलं. (परभणी तेव्हा अजून निजामाकडे. आपला नंबर लागला १७ सप्टेंबर १९४८ ला.)

कमानीखालून कोण जाणार आणि आधी कोण जाणार, हे आपल्याकडे खेडोपाडी कळतं. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखालून पहिला बैल कुणाचा यावरून गावागावांत भांडणं झालीत. आणि काही लोकांचा नंबर त्या रांगेत येतच नव्हता.

म्हणूनच मला सगळ्यात मोठी वाटणारी विजयकमान, विजयासाठी बांधलेलीच नव्हती. छत्रपती संभाजीनगरचं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादचं, विद्यापीठ गेट. पोरं, प्राध्यापक, स्कूटरी आत जायला बांधलेलं दार, एवढंच. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला, आणि मराठवाड्यात दलितांची घरं पेटवली गेली. ठराव कागदावर राहिला. मोर्चे, सत्याग्रह, तुरुंग, सगळं झालं. अखेर १४ जानेवारी १९९४ ला 'मराठवाडा' तसंच ठेवून बाबासाहेबांचं नाव जोडलं. म्हणून नामांतर नाही, नामविस्तार. साडेपंधरा वर्षं! त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला नवीन विद्यापीठ झालं आणि परभणी तिकडे गेली, ते वेगळंच.

माझ्या कॉलेजच्या रूममेटचे वडील १९७८ ला परभणीत शिकत होते. त्या वर्षी गावातलं त्यांचं घर जळालं. यापुढे ते काही सांगत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही. दर १४ जानेवारीला मात्र रेल्वेनं पावणेदोनशे किलोमीटर जाऊन गेटसमोर उभे राहतात. बाकी जगाची त्या दिवशी संक्रांत असते.

एका वर्षी मीही सोबत गेलो. निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, भीमगीतं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. लोक गेटपाशी येऊन हात जोडत होते, कुणी खाली वाकून कपाळ टेकवत होतं. काका गर्दीतून वाट काढत आत गेले, थोडं चालले, वळून बाहेर आले. मग पुन्हा आत.

"काका, आत कुणाला भेटायचंय का?"

"नाही रे बाबा. माझ्या मेमोवर नुसतं मराठवाडा विद्यापीठ आहे. पूर्ण नाव इथं येऊन वाचतो."

मग आम्ही शेंगदाणे घेतले आणि स्टेशनची रिक्षा पकडली.