ज्यांचं पाणी आपण पितो

चि. भाचीबाईस,


तुझं पत्र पोचलं. निकाल बहुमताने लागल्यावर विरुद्ध मत देणाऱ्या न्यायाधीशांचं म्हणणं निकालपत्रात पानंच्या पानं ठेवायचं कशाला, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. अठराशे वर्षांपूर्वी गालील प्रांतातल्या ज्यू पंडितांना हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्या कायद्याच्या ग्रंथातच आहे. तो ग्रंथ मिश्ना, आणि तो सिद्ध करणारे रब्बी येहुदा हानासी. त्यांच्याबद्दल तुला लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी त्यांचा काळ. इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं. 132 ते 135 या काळात ज्यूंनी पुन्हा उठाव केला, तोही सम्राट हेड्रियनच्या फौजांनी चिरडला. थोर गुरू रब्बी अकिवा यांचे हाल करून त्यांना मारलं. अकिवा गेले त्याच दिवशी येहुदा जन्मले, अशी परंपरा आहे. धर्मशास्त्राचा मोठा भाग तोवर तोंडी चालत आला होता, आपल्याकडे वेद पाठांतराने चालत आले तसा. गुरू मारला गेला की त्याच्यापाशी असलेलं सगळं त्याच्याबरोबर जायची भीती. अकिवांचे शिष्य मेइर, येहुदा बार इलाई, योसे आणि शिमोन यांनी जमेल तेवढं जपलं, आणि ते येहुदा हानासींच्या पिढीच्या हाती दिलं.

येहुदा हे हिल्लेल या जुन्या थोर पंडिताच्या वंशातले, श्रीमंत, आणि ‘नासी’ म्हणजे ज्यू समाजाचे प्रमुख. रोमन अधिकाऱ्यांकडेही त्यांच्या शब्दाला वजन होतं. आधी बेत शेआरीम आणि नंतर सिप्पोरी इथे राहून, इ.स. 200 च्या सुमारास त्यांनी मिश्नाला रूप दिलं. तिचे सहा विभाग: शेती, सणवार, विवाह, नुकसानभरपाई आणि दिवाणी-फौजदारी, मंदिरातली अर्पणं, आणि शुद्धाशुद्ध. आज त्यांत 63 प्रकरणं मोजतात. मंदिर पडून शतक उलटून गेलं होतं, तरी तिथल्या विधींचे बारीकसारीक नियम त्यांनी गाळले नाहीत.

एवढा अधिकार असलेल्या माणसाने एकेक नियम ठोकून सांगणारा ग्रंथ केला असता, तर कुणी अडवलं नसतं. पण मिश्नाची सुरुवातच बघ. प्रस्तावना नाही, ग्रंथकाराची ओळख नाही, थेट प्रश्न: संध्याकाळची ‘शेमा’ प्रार्थना केव्हापासून म्हणायची? कुठवर म्हणता येईल, याची उत्तरं तीन. रब्बी एलिएझर म्हणतात रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत, इतर पंडित म्हणतात मध्यरात्रीपर्यंत, रब्बान गमलिएल म्हणतात पहाट फुटेपर्यंत. मागोमाग गमलिएल यांच्या मुलांची गोष्ट येते. मेजवानीहून उशिरा परतलेली ती मुलं प्रार्थना म्हटली नाही असं सांगतात, आणि वडील त्यांना सांगतात की उजाडलं नसेल तर म्हणायलाच हवी. नियम, मतभेद आणि घरातला प्रसंग, सगळं एकाच परिच्छेदात.

ही प्रार्थना आपल्या कोकणालाही ओळखीची आहे. अलिबागच्या परिसरातल्या बेने इस्रायल या ज्यू लोकांकडे शतकानुशतकं ना मिश्ना होती, ना तिच्यावरच्या चर्चेचा ग्रंथ तालमूद. तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ नसतानाही ‘शेमा’ त्यांच्या तोंडी टिकून होती.

आता तुझा प्रश्न. मिश्नाच्या ‘एदुयोत’ प्रकरणात तो सरळ विचारला आहे: बहुमतच मान्य होणार असेल, तर एकट्याचं मत नोंदवायचं कशासाठी? एक उत्तर असं, की पुढच्या एखाद्या न्यायसभेला ते मत पटलं तर तिला टेकायला आधार असावा. येहुदा बार इलाईंचं उत्तर वेगळं: उद्या कुणी तेच मत परंपरा म्हणून घेऊन आला, तर ते कुणाचं होतं आणि मान्य झालं नव्हतं, हे त्याला दाखवता यावं. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली आहेत. पहिलं उत्तर मला अधिक मोलाचं वाटतं, कारण पुढच्या पिढ्या आपल्याहून शहाण्या असू शकतात हे त्यात गृहीत धरलंय.

विरोधी मत नावासह नोंदवण्याचं हे तत्त्व खुद्द रब्बी येहुदा हानासींच्या घरात किती जड गेलं, ते तालमूदमध्ये वाचायला मिळतं. त्यांचे वडील नासी असताना सभेतल्या मानपानावरून वाद झाला. दुखावलेल्या मेइर आणि नातान या पंडितांनी त्यांना पदावरून उतरवायचा बेत केला. तो फसला, आणि शिक्षा म्हणून त्यांची नावं गाळायचं ठरलं: मेइर यांचं मत आलं की ‘इतर म्हणतात’ असं म्हणायचं. गंमत नव्हे, मोठा पेच होता हा. कारण मिश्नामधली बिननावाची वचनं मुख्यतः मेइर यांच्याच शिकवणीतली, असं परंपरा सांगते. वडिलांच्या विरोधकाची विद्या मुलाच्या ग्रंथाचा पाया झाली होती.

एकदा रब्बी आपल्या मुलाला शिकवताना ‘इतर म्हणतात’ म्हणाले. मुलाने विचारलं, ज्यांचं पाणी आपण पितो आणि नाव घेत नाही, असे हे कोण? आपल्या घराण्याची प्रतिष्ठा उखडू पाहणारी माणसं, असं रब्बींनी सांगितलं. मुलगा म्हणाला, त्या माणसांबरोबर त्यांचं वैरही संपलं. मग रब्बींनी पाठ बदलला: ‘मेइर यांच्या नावाने सांगतात’. ‘मेइर म्हणतात’ इथवर ते आले नाहीत. हे अर्धं पाऊल मला फार खरं वाटतं. राग पूर्ण गेला नव्हता, पण रागापायी विद्या बुडवायची नाही, एवढं त्यांनी निभावलं.

मिश्नात न घेतलेली पुष्कळ वचनं पुढे इतरांनी जपली, आणि तिच्यावरच्या चर्चेतून दोन तालमूद उभे राहिले. हे सगळं कसं घडलं, असं कैरवान शहरातल्या ज्यूंनी विचारलं, तेव्हा 987 साली बाबिलोनियातल्या पुम्बेदिता पीठाचे प्रमुख शेरिरा गाऊन यांनी उत्तर दिलं तेही पत्रानेच. मिश्ना रब्बींनी लिहून काढली की पाठच करवली, यावर त्या पत्राच्या प्रतींतही एकमत नाही.

तू उद्या वकील होशील, कदाचित न्यायाधीशही. तेव्हा अल्पमताची पानं वगळू नकोस. समोरच्याचा युक्तिवाद मांडशील तेव्हा तो त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांड, आणि तो ज्याचा आहे त्याचं नाव घालून मांड. नाव घ्यायला जीभ अडखळेल, त्या वेळी तर आवर्जून घे.

आईला सांग, सवडीने फोन करतो.

तुझा,
मामा