आधी धाव, मग दिल्ली

माझ्या सासऱ्यांच्या खोलीत जामा मशिदीचं चित्र असलेलं एक जुनं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं, तारखांची पानं फाटून गेली, पण वरचं चित्र त्यांनी कापून भिंतीला चिकटवून ठेवलं. ते एस.टी.त वाहक होते. सगळा सातारा जिल्हा त्यांनी पालथा घातला, पण दिल्ली काही त्यांना दिसली नाही. “एक जुमा तिथं पढायचा आहे,” असं म्हणत म्हणतच ते अल्लाहला प्यारे झाले. तेव्हापासून दिल्लीला जायचं ही आमच्या घरातली राहून गेलेली गोष्ट होती.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दिल्लीला गेलो. निमित्त मात्र वेगळंच होतं. मी, वय वर्षं अठ्ठेचाळीस, मधुमेही, तिथं एकवीस किलोमीटर पळणार होते.

तीन वर्षांपूर्वी माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ९.१ आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि चालायला सांगितलं. पहाटे फजरनंतर ओढणी घट्ट बांधून मी घराबाहेर पडू लागले. चालता चालता यवतेश्वरच्या घाटापर्यंत मजल गेली, आणि घाटात पळणारी मंडळी बघून एक दिवस मीही दोन वळणं पळाले. साताऱ्यात पळणाऱ्यांची वाण नाही. इथली डोंगरातली हाफ मॅराथॉन देशभर माहीत आहे. पण आमच्या नात्यात बाई रस्त्यावर पळते म्हटल्यावर चर्चा व्हायचीच. मोठे दीर म्हणाले, “या वयात हे शोभतं का?” मी गप्प बसले. उत्तर सासूबाईंनी दिलं. पैगंबर (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी एकमेकांशी शर्यत लावल्याची हदीस त्यांना ठाऊक होती. पहिल्यांदा आयेशा (रजि.) जिंकल्या, पुढे काही काळाने पैगंबर (स.) जिंकले आणि ही त्या वेळची परतफेड, असं त्यांनी हसत सांगितलं. सासूबाई मला एवढंच म्हणाल्या, “पळ तू. फक्त नमाज चुकवू नकोस.”

दिल्लीची हाफ मॅराथॉन २००५ पासून होते. पूर्वी ती बहुधा नोव्हेंबरात असे. दिल्लीच्या नोव्हेंबरातली हवा कशी असते हे आता सगळ्यांना माहीत आहे. २०१७ मध्ये डॉक्टरांच्या संघटनेने शर्यत पुढे ढकलण्याची मागणी केली होती. नंतर ती ऑक्टोबरात येऊ लागली. ऑक्टोबरच्या मध्यात थोडं उकडतं, पण श्वास घेता येतो. दमा असलेल्यांनी मात्र तेव्हाही डॉक्टरांना विचारूनच जावं. पूर्ण बेचाळीस किलोमीटर पळायचे असतील, तर दिल्लीत फेब्रुवारीत वेगळी मॅराथॉन असते. पण २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी फेब्रुवारीत रमजान येतो, हे आपल्या घरांनी आधीच ध्यानात घ्यायला हवं.

आता खरी अडचण सांगते. शर्यतीला जायचं म्हटल्यावर मुलीच्या अब्बांनी कागद घेतला आणि यादी केली: जामा मशीद, लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, निजामुद्दीन, इंडिया गेट, चांदनी चौक. गाडी शुक्रवारी सकाळी पोहोचणार, शर्यत रविवारी. शुक्रवार-शनिवारी सगळं उरकू आणि सोमवारी निघू, असा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, दोन दिवस दिल्ली पायी तुडवली तर रविवारी मी पळणार कशावर? त्यावर ते म्हणाले, “मग एवढा खर्च करून नुसतं खोलीत बसायचं?” त्यांचंही खोटं नव्हतं. तिघांचं तिकीट, राहणं, खाणं. आमच्यासारख्या घरात असा प्रवास पुन्हा पुन्हा होत नाही. शेवटी लेकीने तोडगा काढला. मुक्काम दोन दिवसांनी वाढवायचा आणि क्रम उलटा करायचा: आधी धाव, मग दिल्ली.

साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेस थेट हजरत निजामुद्दीन स्टेशनला जाते. आम्ही जवळच भोगलमध्ये साधी खोली घेतली, कारण शर्यत जवाहरलाल नेहरू स्टेडियममधून सुटते आणि पहाटे अंधारात लांबून येणं नको होतं. शुक्रवारी दोघं बापलेक जामा मशिदीला जुम्याला गेले. मी खोलीत पाय वर करून पडून राहिले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. सासऱ्यांचा तो जुमा त्यांचा मुलगा पढत होता, आणि मी पंख्याकडे बघत होते. संध्याकाळी ते परतले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मी काही विचारलं नाही.

शनिवारी नंबराचा कापडी तुकडा, म्हणजे बिब, आणायला गेलो. त्यालाच वेळ मोजणारी चिप असते. ओळखपत्र लागतं आणि शर्यतीच्या दिवशी बिब सहसा मिळत नाही, म्हणून एक दिवस हातात ठेवूनच पोहोचावं. जेवणाचाही नियम मी पाळला. ओळखीचं, साधं अन्न. निहारी आणि खमिरी रोटी सोमवारनंतर.

रविवारी पहाटे खोलीवरच वजू करून निघाले. ऑक्टोबरच्या मध्यात दिल्लीत फजरचा वक्त पाचच्या पुढेमागे सुरू होतो आणि सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. पळणाऱ्यांना गटागटाने सोडतात. माझ्या गटाची वेळ यायच्या आत वक्त झाला. कठड्याशेजारी ओढणी अंथरून मी दोन रकात फर्ज पढले. शेजारी एक शीख आजोबा पायांना तेल चोळत होते. ते थोडे सरकले आणि माझ्या पुढून कुणी जाऊ नये म्हणून स्वतःच आडवे उभे राहिले. सलाम फेरल्यावर पाहिलं, तर ते गर्दीत मिसळून गेले होते.

मार्ग दर वर्षी थोडा बदलतो, पण लोधी रोड, इंडिया गेट, कर्तव्यपथ ही नावं त्यात असतातच. गाड्या नसलेली दिल्ली बघायची असेल तर शर्यतीसारखी संधी नाही. एरवी त्या रस्त्यांवर माणसाला पाय ठेवायला जागा नसते. उजाडताना इंडिया गेट समोर आलं. पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात कामी आलेल्या हजारो हिंदी सैनिकांची नावं त्याच्या दगडांवर कोरली आहेत. एरवी माणूस तिथं फोटो काढून निघतो. मी मात्र धापा टाकत त्याच्याकडे जवळजवळ एक किलोमीटर बघत पळत होते.

बाराव्या किलोमीटरच्या आसपास हात थरथरू लागले. ही खूण मला ओळखीची होती. दोन आठवड्यांपूर्वी घाटातही साखर अशीच उतरली होती आणि घरी नेऊन मला झोपवावं लागलं होतं. त्यामुळेच मुलीचे अब्बा इतके घाबरलेले होते. मी थांबले. खिशातले तीन खजूर खाल्ले, पाणी प्यायले आणि पाच मिनिटं नुसती चालले. मागचे लोक पुढे जात राहिले. त्या पाच मिनिटांत मी ठरवलं की थरथर थांबली नाही तर बिब काढून स्वयंसेवकाच्या हातात द्यायचं. पदक घेऊन दवाखान्यात जाण्यापेक्षा ते बरं. अल्हम्दुलिल्लाह, थरथर थांबली. वाचक भगिनींना एवढंच सांगते: मधुमेह असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पळू नका, खिशात गोड ठेवल्याशिवाय घराबाहेर पडू नका आणि थांबायची लाज वाटू देऊ नका.

२०२० मध्ये इथिओपियाच्या यालेमझेर्फ येहुआलाव हिने हीच शर्यत १ तास ४ मिनिटं ४६ सेकंदांत जिंकली होती. मला २ तास ५८ मिनिटं लागली. स्टेडियमबाहेर मुलीचे अब्बा उभे होते. त्यांनी पदकाकडे पाहिलंच नाही. आधी माझं बोट धरलं, टोचलं आणि यंत्रावरचा साखरेचा आकडा बघितला. मग म्हणाले, “चल, आता दिल्ली तुझी.”

त्याच दिवशी संध्याकाळी, झोप काढून झाल्यावर, हुमायूनच्या मकबऱ्यावर गेलो. शर्यतीनंतर पाय मोकळे करायला हीच जागा योग्य: सपाट बाग, पाण्याचे पाट, सावली. चौथऱ्याच्या पायऱ्या तेवढ्या उंच आहेत, त्या मी लेकीचा खांदा धरून चढले. ताजमहालाच्या साठेक वर्षं आधीची ही इमारत बादशहाच्या विधवेने, हाजी बेगमने, उभी करवली. बादशहाने बेगमेसाठी बांधलेली इमारत सगळ्या जगाला माहीत आहे. बेगमेने बादशहासाठी बांधलेली ही, तिच्याआधीची. १८५७ मध्ये शेवटचे बादशहा बहादूरशाह जफर यांनी इथंच आसरा घेतला होता आणि इथूनच इंग्रजांनी त्यांना कैद करून नेलं.

सोमवारी लाल किल्ला बंद असतो, म्हणून तो दिवस निजामुद्दीन वस्तीला दिला. हजरत निजामुद्दीन औलिया आणि त्यांचे शागीर्द अमीर खुसरो, दोघांचाही इंतकाल १३२५ सालचा. मजारीच्या आतल्या दालनात बायकांना जाऊ देत नाहीत. मी बाहेर जाळीपाशी बसून फातेहा पढले. मन थोडं खट्टू झालंच. मग लेकीने हाताला धरून बाजूच्या संगमरवरी कठड्याकडे नेलं. तिथं शहाजहानची मुलगी जहाँआरा झोपली आहे. डोक्यावर घुमट नाही, वर मोकळं आभाळ, आणि कबरीवर गवत. शाही घराण्यातल्या त्या बाईने स्वतःसाठी एवढंच मागितलं होतं. जवळच मिर्झा गालिब यांची मजार आहे, तिथंही थोडं थांबलो.

मंगळवारी जुनी दिल्ली. नेहरू स्टेडियमच्या स्टेशनवरून मेट्रोची जांभळी लाइन गाडी न बदलता जामा मशीद आणि लाल किल्ला या दोन्ही स्टेशनांना पोहोचवते. चांदनी चौकात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तो रस्ता आता चालत बघता येतो. ही बाजारपेठ जहाँआरानेच वसवली, हे लेकीने वाचून ठेवलं होतं. ती म्हणाली, “अम्मी, काल जिच्या कबरीजवळ बसलो होतो, आज तिच्याच रस्त्यावर चालतोय.” तुर्कमान दरवाज्याजवळच्या बुलबुलीखान्याच्या गल्लीत रझिया सुलतानची म्हणून एक कबर दाखवतात. १२३६ ते १२४० अशी चार वर्षं दिल्लीच्या तख्तावर बसलेली बाई, आणि चहूबाजूंनी घरं दाटलेल्या एवढ्याशा चौकात दोन साध्या कबरी. कुतुबमिनार मात्र यादीतच राहिला. राहू दे, पुढच्या वेळेला कारण हवंच.

शेवटी जामा मशीद. १६५० ते १६५६ या काळात शहाजहानने बांधवलेली. पूर्वेच्या दरवाज्याला पस्तीस पायऱ्या आहेत. धावून दोन दिवस झालेल्या मांड्यांना त्या पस्तीस पायऱ्या यवतेश्वरच्या घाटापेक्षा जड गेल्या. मुलीचे अब्बा एकेक पायरी मोजत माझ्यासोबत चढले. वर आलो. तांबड्या दगडाचं ते अंगण, मधला हौद, समोर तीन घुमट. कॅलेंडरच्या चित्रात सगळं निळसर झालं होतं. इथं सगळं लालभडक आणि खरं होतं. कबुतरं उडत होती. आम्ही हौदावर वजू केला आणि जोहर पढलो.

बाहेर पडताना मी त्यांना विचारलं, “शुक्रवारी अब्बांसाठी काय दुवा मागितली?”

ते म्हणाले, “अब्बांसाठी नंतर. आधी तुझी रविवारची मागितली.”

रात्री मटिया महलच्या गल्लीत निहारी खाल्ली. मी अर्धीच रोटी घेतली. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत लेकीने वही काढली आणि साताऱ्याला पोहोचल्यावर पळायला कुठल्या दिवसापासून सुरुवात करायची ते तिचं तीच लिहू लागली. मी फक्त बघत होते. तिच्या नावापुढे तिने तिच्या अब्बांचंही नाव लिहिलं होतं, पण ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.