दोन वाटा, एक कण

पदव्युत्तर वर्गात पुंजयामिकीचा पहिला तास झाला तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांना श्रोडिंगरच्या मांजराची उत्सुकता होती. फळ्यावर उतरल्या त्या संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स. आधी गणित पचवा, अर्थाचे मागाहून पाहू, असा प्राध्यापकांचा खाक्या होता आणि तो रास्तच होता, असे आम्ही आजही मानतो. मराठी शाळांतून आलेल्या आम्हांला इंग्रजी अडखळवीत असे. परंतु येथे इंग्रजी माध्यमाचे सोबतीही तितकेच मुके झालेले पाहून मनोमन बरे वाटले.

एक गोष्ट लवकर उमगली. स्थान आणि संवेग यांचे कारक लावण्याचा क्रम बदलला की उत्तर बदलते. तांदूळ धुऊन शिजवणे आणि शिजवून धुणे यांत अंतर असते, तसेच हे. हायझेनबर्गने १९२७ साली मांडलेले अनिश्चिततेचे तत्त्व या अंतरातूनच निघते. उपकरणांच्या ढोबळपणातून नव्हे.

खरी कोंडी पुढे झाली. १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वाटा ठेवून एका वेळी एकेकच इलेक्ट्रॉन सोडला. प्रत्येक ठिपका एकटा, वाटेल तेथे पडल्यासारखा. हजारो जमले तेव्हा मात्र पट्टे उमटले. हिशेब असा, की दोन्ही वाटांच्या 'आयाम' नामक संख्यांची आधी बेरीज करावयाची आणि मगच वर्ग. एक आणि एक दोन, वर्ग चार. एक आणि उणे एक, शून्य. म्हणजे दुसरी वाट उघडताच काही जागी कण येणेच थांबते! मॅक्स बॉर्नने १९२६ मध्ये संभाव्यतेचा हा अर्थ लावला, तेव्हा वर्गाची गोष्ट तळटीपेत घातली. आमची वर्षभराची उठाठेव त्या तळटीपेत मावते.

कण कोणत्या वाटेने गेला याची खूण कोठेही उरली, की पट्टे पुसले जातात. यावरून पाहणाऱ्याच्या मनानेच जग घडते असे सांगणारी व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. आम्हांला ती पटत नाहीत. खूण उपकरणात उरली तरी पुरते. तिच्याकडे कोणी पाहिलेच पाहिजे असे नाही.

आमच्यातला सर्वांत तल्लख सोबती दुसऱ्या सत्रात शिक्षण सोडून गेला. त्याची उत्तरे कधी चुकत नसत. मधल्या वेळात कण कोठे होता हे कळणार नसेल, तर गुण घेऊन काय करू, असे तो म्हणे. आमची फी घरच्या भाजीच्या पैशांतून येत होती; आम्ही थांबलो. ट्रान्झिस्टर आणि लेसर याच गणितातून उमजतात, हे त्याला सांगून पाहिले. तो नुसता हसला.

२०२२ साली आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना नोबेल मिळाले, तेव्हा आम्ही त्याला पत्र धाडले. कण आपली उत्तरे आधीच ठरवून निघतात आणि दूरच्या घडामोडींचा त्यांच्यावर तत्क्षणी परिणाम होत नाही, ही सोपी समजूत बेलच्या १९६४च्या प्रमेयाने आणि या मंडळींच्या प्रयोगांनी निकालात काढली, असे लिहिले. उलट टपाली त्याचे कार्ड आले. एक वाट बंद झाली हे मान्य, परंतु उघडी कोणती, एवढेच त्याने विचारले होते.