आमच्या रानातली टिटवी

इयत्ता ४ थी

आमचे गाव जांब समर्थ. ते जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात आहे. समर्थ रामदास स्वामींचा जन्म १६०८ साली रामनवमीला इथेच झाला. म्हणून आमच्या गावाला लांबलांबून लोक येतात. पण मी आज आमच्या रानातल्या एका पाखराची माहिती लिहिणार आहे. त्या पाखराचे नाव टिटवी.

टिटवीचे पाय लांब व पिवळे असतात. पाठ तपकिरी, पोट पांढरे आणि गळा काळा असतो. डोळ्यापुढे लाल कातडी असते. तिच्या पायाचे मागचे बोट अगदी बारीक असते, त्यामुळे तिला फांदी नीट धरता येत नाही. म्हणून ती झाडावर राहत नाही, जमिनीवरच राहते.

आमची आजी म्हणते, टिटवी रात्री ओरडली की काही तरी वाईट होतं. मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "अगं, कोल्हा, कुत्रं, माणूस, कुणीही जवळ आलं की ती ओरडून सगळ्या रानाला सांगते. ती रानाची जागल्या आहे." तेव्हापासून रात्री टिटवी ओरडली तर मला भीती वाटत नाही. मला वाटते, कोणी तरी जागे आहे.

टिटवी घरटे बांधत नाही. जमिनीवर छोटा खळगा करते, भोवती बारीक खडे ठेवते आणि बहुतेक चार अंडी घालते. अंडी मातकट रंगाची व काळ्या ठिपक्यांची असतात. चारही अंड्यांची टोके आत असतात. आपण दोन हातांवर उभे राहिलो तरी ती ढेकळेच वाटतात. तोच तिचा कुलूप-कडी आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडे जमीन तव्यासारखी तापते. एवढ्या उन्हात अंडी शिजतील की काय, असे मला वाटायचे. पण टिटवी हुशार आहे. भर दुपारी ती अंड्यांवर उभी राहून सावली करते. मग चारीच्या पाण्यात जाते, पोटाची पिसे भिजवते आणि पळत येऊन अंड्यांवर बसते. म्हणजे अंडी गार होतात. नर आणि मादी दोघेही पाळीपाळीने बसतात. एक गेला की दुसरा येतो. अशी साधारण अठ्ठावीस दिवस ड्यूटी असते!

कुत्रे जवळ आले तर ती आणखी एक युक्ती करते. पंख मोडल्यासारखे करून लंगडत लांब पळते. कुत्र्याला वाटते, आता हिला धरतो. ते तिच्या मागे जाते. अंड्यांपासून लांब नेले की ही भुर्रकन उडून जाते. आम्ही सगळे हसतो, पण तिचा जीव वर-खाली होत असेल.

पण एका गोष्टीपुढे तिची युक्ती चालत नाही. ती गोष्ट म्हणजे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर लंगड्या टिटवीच्या मागे जात नाही. तो सरळ येतो. आणि त्याच्या आवाजात तिचे ओरडणे ऐकूच येत नाही. आण्णा (माझे वडील) म्हणतात, बैलांच्या नांगरामागं माणूस चालायचा, त्याला अंडी दिसायची, मग तो नांगर उचलून पुढं टेकवायचा. ट्रॅक्टरवर बसलेल्याला फाळाखाली काय आलं ते दिसत नाही.

यंदा आमच्या कापसाच्या रानात टिटवीची चार अंडी होती आणि नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायचा होता. भाडं तासावर असतं. आजी म्हणाली, "पाखरापायी कोण थांबतंय?" मी आण्णांना म्हणले, "एका बाजेएवढीच जागा सोडा ना." आण्णा काही बोलले नाहीत. पण सकाळी त्यांनीच अंड्यांपासून लांब चार तुराट्या रोवल्या. ट्रॅक्टरवाल्या काकांनी वळसा घातला. पाच मिनिटंसुद्धा जास्त लागली नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. ट्रॅक्टर बांधावर गेला की लगेच येऊन बसली.

मी रोज जवळ जात नव्हते. आपल्या मागे कावळा येतो आणि अंडी पाहतो, असे गुरुजींनी सांगितले होते. मी बांधावरूनच पाहायचे. तीन पिल्ले निघाली, एक अंडे तसेच राहिले. पिल्ले त्याच दिवशी चालायला लागली! आईने आवाज दिला की ती जमिनीला चिकटून दगडासारखी गप्प पडतात.

टिटव्या अजून पुष्कळ आहेत. पण जमिनीवरच अंडी घालणारा माळढोक फार थोडा उरला आहे. तो एक मीटर उंच असतो आणि बहुधा एकच अंडे घालतो. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजकडे अभयारण्य झाले. तरी तिथे आता तो क्वचितच दिसतो. माळ नांगरले गेले, गवत गेले. विजेच्या ताराही त्याला नीट दिसत नाहीत. त्याचे डोळे बाजूला असतात. तो तारांना धडकून मरतो. आता भारतात माळढोक दीडशेच्या आसपासच आहेत, आणि त्यातले बहुतेक राजस्थानात. तिथे २०१९ पासून माणसे यंत्राच्या उबेत त्याची अंडी उबवतात. टिटवीला तशी वेळ येऊ नये, असे मला वाटते.

"टिटवीही समुद्र आटविते" अशी म्हण आहे. पण ट्रॅक्टर तिला थांबवता येत नाही. तो आपल्याला थांबवता येतो.

म्हणून मित्रांनो, टिटवीची अंडी काढू नका, हातात घेऊ नका. कुत्रे बांधून ठेवा. आणि हे वाचायला आलेल्या आई-वडिलांना विनंती आहे, नांगरटीच्या आधी रानातून एकदा पायी चक्कर मारा. अंडी दिसली तर चार तुराट्या रोवा. एका बाजेएवढी जागा सोडली तर आपले काही कमी होत नाही.