खंदकातलं पाणी

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात वाढलेल्या आम्हां मुलांना खाण दिसण्याआधी ऐकू यायची. रात्रभर पंप चालत. लोहखनिज भूजलाच्या पातळीखाली, त्यामुळे पाणी उपसल्याशिवाय खोदणं शक्य नव्हतं. खंदक खोल गेला तसा आमच्या विहिरीचा दोर लांबत गेला आणि एका चैत्रात तळ दिसला. आई टँकरच्या रांगेत उभी राहू लागली. बाबांचा पगार खाणीचाच, म्हणून घरात यावर कुणी आवाज चढवला नाही.

टनभर खनिजामागे दोन-अडीच टन माती निघायची. तिचे डंप टेकड्यांएवढे झाले आणि पावसात ती लाल माती शेतांत उतरली. चीनची मागणी वाढली तेव्हा, 2010-11 मध्ये, गोव्यातून वर्षाला सुमारे 5 कोटी टन खनिज बाहेर जात होतं. 2012 मध्ये खाणबंदी आली आणि सगळं थांबलं. कर्जावर घेतलेले ट्रक अंगणात गंजले. खाणबंदी हवी होती असं म्हणताना त्या घरांचे हाल मला विसरता येत नाहीत.

पंप थांबले आणि पावसागणिक खंदक भरत गेले. आता उन्हाळ्यात खांडेपार नदीची पातळी उतरली, की जुन्या खंदकांचं पाणी उपसून नदीत सोडतात. ते ओपा प्रकल्पात शुद्ध होऊन नळाला येतं. खनिजासाठी जे पाणी अडचण म्हणून फेकलं जायचं, त्यावर आज लोकांची तहान भागते. साखळीच्या जुन्या खाणीत डंपांवर झाडं लावली, खंदकात मासे वाढवले. डंपांवर बरीच वर्षं ऑस्ट्रेलियन बाभूळच लावायचे. ती झपाट्याने वाढून माती धरते, पण मला तिथे काजू आणि इथलीच रानझाडं हवीत. पाखरं त्यांच्यावर येतात, चार पैसेही मिळतात.

खाणपट्ट्यांच्या लिलावानंतर खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या आहेत. डिचोलीची 2024 मध्ये झाली. खोदायचं तर साठलेलं पाणी आधी बाहेर काढावं लागणार. ज्या खंदकांवर नळ आणि बागायती अवलंबून आहेत, ते तरी आता जलाशय म्हणून सरकारी दप्तरी नोंदवा. उभे कडे उतरते करा, काठाला कुंपण घाला, पाण्यातलं लोह आणि मँगनीज नियमित तपासा. आणि कुणाला किती पाणी सोडायचं हे ग्रामसभेत ठरू द्या, कारण विहिरी गावाच्या आटल्या होत्या.

आमच्या शेतातला लाल गाळ आम्ही काढायला घेतला आहे. खंदकाचं पाणी मिळालं, तर वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरचं, भात लावायचा विचार आहे.