साबुदाण्याच्या गावी: एक कंद, चार नंबर

वाचकहो, एकादशी आली की तुमच्या घरी रात्रीच साबुदाणा भिजत पडतो. पण हा दाणा कोणत्या झाडाला लागतो, असे धाकट्याने विचारले तर काय सांगाल? साबुदाण्याला झाड नाही, कणीस नाही, शेंग नाही. हे कोडे सोडवायचे असेल तर चला माझ्याबरोबर तमिळनाडूतल्या सेलमला.

पुणे, सोलापूर करीत दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीने सेलमला उतरा. शेवरॉयचे डोंगर समोरच दिसतात. त्यांना मागे टाकून पूर्वेला आत्तूरच्या वाटेला लागलात की दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे एक पीक दिसेल. पाने हाताच्या बोटांसारखी फाकलेली, खोडावर पेरे. हाच साबूकंद, म्हणजे टॅपिओका. तमिळ शेतकरी त्याला ‘मरवळ्ळि किळंगु’ म्हणतो. आपण उसाच्या टिपऱ्या लावतो तशी तो याच्या खोडाची कांडी लावतो आणि आठ-दहा महिन्यांनी झाड उपटतो. मुळाशी रताळ्यासारख्या पण लांब, जाड कंदांचा घोस निघतो. हे पीक मूळचे ब्राझीलचे. पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणले.

आता शेताच्या बांधावरच एक गोष्ट ध्यानात घ्या. परदेशी जाणाऱ्या आणि परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मालाला कस्टमच्या पुस्तकात एक नंबर असतो. १९८८ पासून जगभर एकच नामावली चालते. तिचा कारभार ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेकडे आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे दोन आपल्या देशाचे. कर किती, बंदी आहे की मोकळीक, हे त्या नंबरावर ठरते. आपल्या हातातल्या या मातीने भरलेल्या कंदाचा नंबर ०७१४. ओला असो, वाळवलेला असो, चकत्या केलेला असो, नंबर तोच.

बैलगाडी म्हणा, ट्रॅक्टर म्हणा, माल कारखान्यात पोचला. इथे शेतकऱ्याला भाव मिळतो तो नुसत्या वजनावर नाही, कंदात पिठूळ सत्त्व किती उतरते त्यावर. आपल्या उसाच्या उताऱ्यासारखेच समजा. म्हणून लागवडीला जात निवडताना तो उतारा आधी पाहतो.

वाळलेला कंद दळून पीठ केले तर नंबर बदलून ११०६ होतो. गंमत पुढे आहे. तेच पीठ दाबून जनावरांच्या खाद्याच्या गोळ्या केल्या, तर त्या पुन्हा ०७१४ मध्ये, कंदाच्याच घरात जाऊन बसतात!

ही गंमत थायलंडच्या शेतकऱ्यांना फार मोलाची ठरली. १९७० नंतरच्या काळात युरोपच्या सामाईक बाजारात बाहेरून येणाऱ्या धान्यावर जबर कर होता. या कंदावर मात्र करार करून ६ टक्क्यांची मर्यादा घातलेली होती. तेव्हाच्या जुन्या नामावलीतही कंद धान्यापासून वेगळा धरला जाई. मग थायलंडने रानेच्या राने या कंदाखाली आणली आणि सुक्या चकत्या व गोळ्यांनी भरलेली जहाजे रॉटरडॅमला लागू लागली. तिकडची डुकरे आणि गुरे त्यावर पोसली गेली. पण १९८२ साली करार होऊन या निर्यातीवर मर्यादा आली. पुस्तकातल्या एका ओळीने बाजार उघडला होता; त्याच बाजाराला कागदावरच्या दुसऱ्या ओळीने कुंपण पडले.

चला, सेलमच्या कारखान्यात परत येऊ. कंद धुऊन, सोलून किसले जातात. लगदा पाण्याबरोबर गाळला की दुधासारखे पाणी उतरते. ते हौदात निवत ठेवतात. तळाशी पांढरा थर बसतो. आपल्या बायका कुरडयांसाठी गव्हाचा चीक बसवतात, अगदी तसाच. हा चीक वाळवला की झाला स्टार्च, नंबर ११०८. उरलेल्या चोथ्याला इथे ‘तिप्पी’ म्हणतात. तोही गुरांच्या कामी येतो.

ओलसर चीक कापडाच्या झोळीत घालून हिंदकळवला की त्याचे दाणे वळतात. चाळून, तापल्या तव्यांवर परतून ते सिमेंटच्या अंगणात उन्हात पसरतात. दूरवरून बर्फ पडल्यासारखे दिसणारे ते अंगण म्हणजेच आपला साबुदाणा. परतण्याऐवजी वाफवला तर तो काचेसारखा ‘नायलॉन’ साबुदाणा होतो. दोन्हींचा नंबर एकच, १९०३.

पण सावध राहा. या १९०३ मध्ये टॅपिओकाबरोबर इतर स्टार्चपासून केलेले तसलेच दाणेही येतात. म्हणजे नंबर पाहून दाणा कशाचा ते कळत नाही. ते पारखावेच लागते. सेलममध्ये मक्याच्या स्टार्चच्या भेसळीची तक्रार जुनीच आहे. १९८१ साली इथल्या उत्पादकांनी ‘सॅगोसर्व’ ही सहकारी संस्था उभी केली. तिच्या गोदामात पोत्यांचे नमुने तपासून बोलीने विक्री होते. २०२३ साली सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. खाणारे मोठे गिऱ्हाईक मात्र आपणच, महाराष्ट्रातले उपासकरी.

तुम्ही म्हणाल, आमच्या रानात साबूकंद नाही, आम्हाला काय त्याचे? कांदा तर आहे ना! ओल्या कांद्याचा नंबर ०७०३, वाळवलेल्याचा ०७१२. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा कापलेला, चकत्या केलेला आणि भुकटीचा कांदा त्या बंदीतून वगळला होता. एकाच वाफ्यातला कांदा, पण एक चाळीत अडकला आणि दुसऱ्याला वाट मोकळी राहिली. द्राक्ष आणि बेदाणा ०८०६ या एकाच घरातले, पण त्यांचेही पुढचे आकडे निराळे आहेत.

म्हणून गटाने किंवा शेतकरी कंपनीने माल परदेशी पाठवायचे ठरवले, तर यंत्र घेण्याआधी आपला माल कोणत्या नंबरात बसतो ते विचारा. शंका राहिली तर मुंबईला व दिल्लीला कस्टमचे आगाऊ निर्णय देणारे प्राधिकरण आहे. माल बंदरावर अडकण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. सातबाऱ्यावरचा गट नंबर आपल्याला झोपेतही आठवतो. पिकाचा नंबरही तसाच पाठ असावा. एवढी एक गोष्ट सेलमहून घरी न्या, आणि एकादशीला साबुदाणा निवडायला बसाल तेव्हा ती पोरांनाही सांगा.