पावती पुस्तकातले पहिले नाव

आमच्या घरात पत्र्याची एक पेटी आहे. आबा मुंबईहून कायमचे परत आले तेव्हा ती डोक्यावर घेऊन आले होते. आबा २००९ साली गेले, पण आईने पेटी हलवू दिली नाही. तिच्यात गिरणीचे हजेरी कार्ड आहे, संपाच्या वेळची पत्रके आहेत, आम्हा भावंडांचे शाळेचे दाखले आहेत, आणि अगदी तळाशी कोर्टात दंड भरल्याच्या दोन पावत्या आहेत. एक १९९३ ची, एक १९९४ ची. दोन्ही आमच्या थोरल्या भावाच्या, दादाच्या नावाच्या.

आम्ही चार भावंडे. या पावत्यांविषयी घराबाहेर कधी बोललो नाही. आता दादाच म्हणाला, "लिवा की. माझं काय जायचं राहिलंय?" म्हणून लिहीत आहोत.

आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पाऊस नाही, आणि जमीन म्हणावी एवढी जमीनही नाही. त्यामुळे आबा वयात येताच मुंबईला गिरणीत लागले. वरळीच्या बी. डी. डी. चाळीत एका खोलीत गावाकडची बारा-पंधरा माणसे. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या वळकट्यांवर आडवी व्हायची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. दीड वर्ष वाट पाहून आबा निघाले. गावात पोट भरेना म्हणून मिरजेला आले आणि हमाली करू लागले.

मटक्याची सगळी विद्या आबांना वरळीपासूनच ठाऊक होती, पण त्यांनी आयुष्यात कधी एक रुपया लावला नाही. ते सांगायचे, आधीच्या पिढीतल्या गिरणी कामगारांच्या वेळी न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा जो भाव निघायचा त्यावर आकडा लागायचा. दिवसभर कापूस कातायचा आणि रात्री त्याच कापसाच्या भावावर मजुरी घालवायची! १९६१ साली तो भाव येणे बंद झाले. मग मडक्यातून चिठ्ठी काढायची पद्धत आली, म्हणून नाव मटका. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. पुढे चिठ्ठी जाऊन पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेचा शेवटचा आकडा तो 'ओपन'. पुन्हा तीन पत्ते, तो 'क्लोज'. दोन्ही मिळून जोडी.

आबांनी आम्हाला हे गणित म्हणून शिकवले. आकडे दहा, शून्य ते नऊ. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जातात आणि लागलेल्या आकड्याचे नऊ मिळतात. जोडीला शंभराचे नव्वद. म्हणजे कुणाचा लागो, कुणाचा जावो, दहातला एक रुपया मालकाचा ठरलेला. "ह्यात नशीब कुठं हाय, सांगा बघू," असे ते विचारायचे. आम्ही गप्प. कारण गल्लीत रोज कुणीतरी पेढे वाटायचा आणि कुणीतरी बायकोची जोडवी गहाण टाकायचा. पेढे दिसायचे, जोडवी दिसत नव्हती.

दादा दहावी झाला आणि पुढे शिकायला पैसे नाहीत म्हणून एका टपरीवर बसू लागला. पानाची टपरी. महिनाभराने कळले की पान हे निमित्त आहे. दादाचे अक्षर चांगले आणि हिशोब पक्का, म्हणून त्याला चिठ्ठ्या लिहायला घेतले होते. शेकड्यामागे ठरलेले कमिशन. आबा त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत, पण त्या पैशात धाकटीच्या वह्या आल्या हेही खरे. घरातल्या कुणीही त्या वह्या परत केल्या नाहीत. हे आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत त्यात आम्ही नुसते बघे होतो असे वाचकांना वाटायला नको.

आता त्या पावत्यांची गोष्ट. पोलीस ठाण्याला दर महिन्याला जुगाराच्या काही केसेस दाखवाव्या लागायच्या. धंदा तर बंद करायचा नाही. मग मालक एक पोरगा द्यायचा. याला 'केस देणे' म्हणत. पोरग्याने ठाण्यात जाऊन बसायचे. थोडी रोकड, दोन चिठ्ठ्या आणि एक पेन्सिल जप्त झाल्याचा पंचनामा व्हायचा. मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १२ (अ) लागायचे, दुसऱ्या दिवशी कोर्टात गुन्हा कबूल, दंड मालक भरणार, पोरग्याला वर चहापाणी. पहिल्यांदा निरोप आला तेव्हा दादा घरी जेवायला बसला होता. आईने भाकरी वाढली होती. तो म्हणाला, "ताट झाकून ठेव, उद्या येतो." ज्या वेळी टपरीवर त्याला पकडला असे पंचनाम्यात लिहिले आहे, त्या वेळी तो आमच्यासमोर कालवण खात होता. ठाणे कुठले आणि मालक कोण, हे आम्ही लिहीत नाही. असे ठाणे एकटे नव्हते आणि असा मालकही एकटा नव्हता.

ऑगस्ट १९९५ ची गोष्ट. रात्रीची वीज गेली होती. आबा चिमणीच्या उजेडात दोन दिवसांपूर्वीचे वर्तमानपत्र वाचत होते. त्यात व्होरा समितीची बातमी होती. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसे मेली. स्फोटके समुद्रातून रायगडच्या किनाऱ्यावर, शेखाडीसारख्या गावात उतरली होती. ती उतरू देणाऱ्यांत पोलीस आणि कस्टमचे लोक होते. पुढे त्यांतल्या काहींना शिक्षाही झाल्या. गुन्हेगार टोळ्यांचे पुढारी आणि अधिकाऱ्यांशी संबंध तपासायला केंद्र सरकारने ९ जुलै १९९३ रोजी गृहसचिव एन. एन. व्होरा यांच्या अध्यक्षतेखाली ही समिती नेमली. तिने ५ ऑक्टोबरला अहवाल दिला, आणि तो जवळजवळ दोन वर्षे कपाटात राहिला. जुलै १९९५ मध्ये दिल्लीत नैना साहनी या तरुणीचा खून झाला. आरोपी तिचा नवरा आणि पक्षाचा पदाधिकारी. त्यावर एवढा गदारोळ उठला की गृहमंत्री शंकरराव चव्हाणांच्या खात्याला अहवाल संसदेपुढे ठेवावा लागला.

आबा थांबून थांबून वाचत होते. अहवालात म्हटले होते की गुंडांच्या टोळ्या देशभर पसरल्या आहेत, लहान शहरांत आणि खेड्यांतही दांडगटांचेच चालते. पैसा आधी बेकायदा धंद्यातून येतो, मग जागा-जमिनी बळकावण्यातून वाढतो, त्या पैशातून अधिकारी आणि पुढारी जोडले जातात, आणि पुढे टोळ्यांचे जणू दुसरे सरकारच चालते. बोटीवरची दारू-सिगारेट आणून विकणारा इक्बाल मिरची काही वर्षांत कोट्यवधींच्या मालमत्तेचा धनी कसा झाला, हेही त्यात होते. आबांनी चष्मा काढला. म्हणाले, "हे तर आपल्या टपरीचंच लिवलंय. फक्त आकडे मोठे हायेत."

दादा भिंतीला टेकून ऐकत होता. त्याने एकच विचारले, "नावं दिल्यात का?"

नावे नव्हती. पुढाऱ्यांची तर एकाचेही नाही.

व्होरा समिती ही संसदेची समिती नव्हती, हे आम्हाला पुष्कळ पुढे समजले. शेअर घोटाळ्यासाठी १९९२ मध्ये नेमली होती तशी खासदारांची संयुक्त समिती ही नव्हे. ही अधिकाऱ्यांची. संसदेच्या हाती पडला तो मोजक्या पानांचा कागद. दिनेश त्रिवेदी या खासदारांनी बाकीची माहितीही उघड करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९७ मध्ये न्यायालयाने ती गोपनीय माहिती उघड करायला नकार दिला, आणि तपासावर लक्ष ठेवायला एक उच्चस्तरीय समिती नेमावी असे सांगितले. त्याच वर्षी १६ जानेवारीला डॉ. सामंतांना पवईत भर रस्त्यात गोळ्या घालून मारले होते. आबा त्या दिवशी कामावर गेले नाहीत.

इटली देशात मात्र संसदेनेच ही चौकशी केली. तिथल्या माफियांसाठी १९६२ साली कायदा करून खासदारांचा आयोग नेमला. वर्षानुवर्षे काम चालले. १९७६ मध्ये बहुमताचा अहवाल आला, पण काही सदस्यांना तो बोटचेपा वाटला. त्यांनी वेगळा अहवाल दिला. त्यात पुढे होते पिओ ला तोर्रे, सिसिलीतल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, शेतमजुरांच्या संघटनेतून वर आलेला. टोळीचा माणूस असणे हाच गुन्हा ठरवा आणि तिची मालमत्ता जप्त करा, असा कायदा त्यांनी मांडला. ३० एप्रिल १९८२ ला पालेर्मो शहरात त्यांचा खून झाला. सप्टेंबरात कायदा मंजूर झाला. ते साल आमच्या संपाचे. आबांना ही हकीकत सांगता आली नाही याची आम्हाला रुखरुख आहे.

महाराष्ट्रात १९९९ साली 'मोक्का' आला. आता सांगली-साताऱ्याच्या कोणत्याही पोराला 'मोक्का' आणि 'तडीपार' हे शब्द पाठ असतात. तडीपारीचा तर आमच्या भागात विनोदच झाला आहे. मिरजेतून माणूस तडीपार झाला की जयसिंगपूरला जाऊन बसतो. तो कोल्हापूर जिल्हा. नाहीतर कागवाडला. ते कर्नाटक. त्याच वाटेने २०१२ च्या बंदीनंतर गुटखा येतो. साताऱ्यात आमचा मामा नगरपालिकेत झाडूकाम करायचा. तो म्हणायचा, "तुमच्याकडं आकडा, आमच्याकडं टक्का." शेकडा दहा महिन्याला. बिगरपरवाना सावकारीला २०१४ च्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मामाच्या पगाराचे बँक पुस्तक मात्र मामा निवृत्त होईपर्यंत सावकाराच्या गल्ल्यात होते.

आता पावती पुस्तक. एप्रिल १९९६ ची जयंती जवळ आली होती. आमच्या मंडळाने नवीन पुस्तक छापून आणले. बैठकीत पाहिले तर पहिलीच पावती फाडलेली, आणि रक्कम एवढी की बाकी अख्ख्या वस्तीची वर्गणी त्यापुढे थोडी. नाव मटक्याच्या मालकाचे. अध्यक्षांनी कौतुकाने वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, खोटे कशाला सांगा. याच माणसाने निवडणुकीला पोरे पुरवली होती आणि चौकातल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फलकावर त्याचा फोटो होता, हे सगळ्यांना माहीत होते.

आबा उठले. बैठकीत ते कधी बोलत नसत. म्हणाले, "माझ्या पोराला विकून आणल्यालं पैसं हायेत हे. ह्या पैशानं बाबासाहेबांच्या फोटोला हार घालायचा असंल तर माझी अकरा रुपयांची पावती परत घ्या."

कुणी हसले. कुणी म्हणाले, सगळे पुढारी घेतात, आपणच तेवढे सोवळे कशाला? एकजण म्हणाला, पोराला आधी टपरीवरून उठवा, मग आम्हाला शिकवा. ते बोलणे खरे होते म्हणून फार लागले. आबा घरी आले. दादाही मागोमाग आला, आणि दुसऱ्या दिवशी टपरीवर गेला नाही. त्याला धमक्या आल्या, एकदा मारही बसला. जयंती मात्र त्या वर्षी त्याच पैशावर जोरात झाली. आम्ही आमच्या दारातून मिरवणूक पाहिली.

१९९७ मध्ये दादाला सरकारी कार्यशाळेत हेल्परची जागा मिळाली. आईने शेजारी साखर वाटली. मग चारित्र्य पडताळणी झाली. दोन गुन्हे, दोन्हीत दोषी. नेमणूक थांबली ती थांबलीच. संसदेला मिळाली नाहीत ती नावे कुठे असतील, असा विषय त्या दिवसांत निघाला तेव्हा दादा कडवटपणे म्हणाला, "आपल्या मालकाचं असंल का त्यात?"

"त्याचं कशाला असंल," आबा म्हणाले. "तुझं हाय. ठाण्याच्या वहीत शाईनं लिवल्यालं."

२ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि निवडणुकीच्या उमेदवाराला आपल्यावरच्या गुन्ह्यांची माहिती शपथपत्रात देणे भाग पडले. चांगलाच निकाल तो. पण ते शपथपत्र भरून माणूस निवडून येऊ शकतो आणि कायदे करायला बसतो. हेल्पर होऊ शकत नाही.

दादा आज मिरजेत भाजीचा गाडा लावतो. मटका टपरीवरून मोबाइलमध्ये गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आमच्या शेजारच्या कुपवाडमधून मेफेड्रोन जप्त केले. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळ ते बनवण्याचा कारखानाच सापडला. आमच्या काळी पोरांना पेन्सिल द्यायचे. आता कुणाच्या हाती काय देतात ते आम्ही आमच्या पोरांच्या खिशात शोधत असतो, आणि पोरे चिडतात.

आबा गेल्यानंतर काही वर्षांनी मंडळात नवी पोरे आली. पहिल्या बैठकीत दादाला बोलावले आणि पुस्तक त्याच्याच हाती दिले. वर्गणी कुणाकडून घ्यायची ते तो ठरवतो. भांडणे होतात, दोन घरांनी आमच्याशी बोलणे सोडले आहे. गेल्या वैशाख पौर्णिमेला पैसे कमी पडले. दरवर्षी खिरीच्या तीन कढया चढतात, या खेपेला दोनच चढल्या. शेवटच्या रांगेला खीर पुरली नाही, तेव्हा आईने घरून गूळ-शेंगदाणे आणून वाटले.